कसली झुरळं?

“कसली झुरळं?” मुलगा फोनवर म्हणाला.

रविवारची सकाळ होती आणि हा दर रविवारचा फोन होता. दाते नेहमीसारखे खिडकीपाशी उभे होते. थोरलीला पिल्लं झाली, मी अडतीस मोजली, दोन-चार पुठ्ठ्याखाली राहिली असतील तर माहीत नाही, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. त्यावर मुलगा आधी म्हणाला, “कुणाला?” मग म्हणाला, “कोण थोरली?” आणि मग हे. दात्यांना वाटलं, आवाज तुटतोय. ते जरा मोठ्याने म्हणाले, “अरे, झुरळं. तुझी झुरळं.” पलीकडून हसू आलं. “अहो बाबा, ती अजून आहेत? मला वाटलं, तुम्ही कधीच टाकून दिली असतील.” हसण्यात कुजकेपणा नव्हता. जुन्या शाळेतल्या एखाद्या मास्तरांचं नाव निघालं आणि ते अजून जिवंत आहेत असं कळलं की माणूस हसतो, तसं ते होतं. मग तो म्हणाला, “बरं झालं विषय निघाला. पुढच्या महिन्यात आम्ही येतोय, आठ दिवस. तुमची सून पहिल्यांदाच घरी येणार, आणि तिला असल्या गोष्टींची भयंकर किळस आहे. तेवढी खोली मोकळी करून ठेवा ना.” दाते म्हणाले, “हो.” “आईला द्या जरा,” मुलगा म्हणाला, आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. तिचा हात ओला होता. फोनवर पाण्याचा एक थेंब राहिला तो तिच्या गालाला लागला, आणि का कोण जाणे, त्या दिवसातलं पुढे त्यांना तेवढंच स्पष्ट आठवत राहिलं.

दाते हे त्यांचं आडनाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षं कवळ्या केल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार, म्हणून तिथल्या पॉलिशवाल्याने ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की रागावली की बायकोसुद्धा “दाते, जेवायला या” म्हणायची. काम शांत होतं. माणूस कधी दिसत नसे. त्याचा जबडा येई, प्लास्टरचा, वर पेन्सिलीने नंबर घातलेला. त्या जबड्यावर मेण चढवायचं, मेणात दात रोवायचे, समोरच्याशी मिळतात का पाहायचं, आणि रोवताना एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवायचा, कारण सगळे सरळ बसवले तर तोंड खोटं दिसतं. ही तिरकी जागा कुठली ते दात्यांना बरोबर कळे. डॉक्टर लोक त्यासाठी त्यांच्याकडेच काम पाठवत. हजारो अनोळखी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होती, पण त्यांतल्या एकाशीही ते कधी बोलले नव्हते. तसे ते घरीही फार बोलत नसत. बोलायला काही असावं लागतं. ते नसेल तर माणूस पेपर वाचतो.

फोन झाल्यावर ते मुलाच्या खोलीत गेले. खोलीला अजून मुलाची खोली म्हणत, पण चार वर्षांत तिथे मुलाचं असं एक कपाट आणि गादी एवढंच उरलं होतं. बाकी सगळी भिंत काचेच्या पेट्यांनी भरली होती. मुलगा गेला तेव्हा एक होती, आता पाच. प्रत्येकीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, कोपऱ्यात ओला स्पंज, बशीत कोरडी बिस्किटं आणि गाजराच्या चकत्या, आणि काठाला आतून चारी बाजूंनी दोन बोटं रुंद व्हॅसलिनचा पट्टा, म्हणजे चढून वर येता येत नाही. ही झुरळं स्वयंपाकघरात पळतात तसली नव्हती. कुठल्याशा दूरच्या बेटावरची, बिनपंखांची, अंगठ्याएवढी. गडद तपकिरी, शेवटाकडे मधासारखी पिवळसर होत जाणारी. नराच्या मानेवर दोन टेंगळं. हातात धरलं की अंगातली हवा बाजूच्या भोकांतून सोडून फुस्स करतात, आणि रोज तोच हात धरायला लागला की हळूहळू फुस्स करायचं सोडून देतात. थोरली आता करत नसे. ती त्यांच्या घरात जन्मलेल्या पहिल्या पिढीतली, साडेतीन वर्षांची. एक मिशी अर्धी तुटलेली. त्यांनी तिला तळहातावर घेतलं. सहा पायांची ती बारीक खरखर, जणू कुणीतरी हातावर फार जपून काहीतरी लिहितंय. आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपल्या हातावर झुरळ बसलंय. म्हणजे आजवर काय बसलेलं होतं, हे मात्र त्यांना लगेच सांगता आलं नसतं.

चार वर्षांपूर्वी मुलगा घर सोडून निघाला, त्या दिवशी खाली गाडी हॉर्न वाजवत होती. बॅगा उतरल्या होत्या, आईचं रडणं होऊन गेलं होतं, बाप दारात उभा होता आणि बापाशी काय बोलायचं हे मुलाला सुचत नव्हतं. बापालाही सुचत नव्हतंच. शेवटी मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, “बाबा, त्यांना गाजर देत जा.” आणि गेला. हे एवढंच वाक्य दात्यांनी चार वर्षं जपलं होतं. त्यांनी ते सगळ्या बाजूंनी तपासलं होतं, जबडा हातात फिरवून बघावा तसं. नुसतं ‘गाजर द्या’ म्हणाला नाही; ‘देत जा’ म्हणाला. म्हणजे रोज. म्हणजे मी नसताना, मी परत येईपर्यंत, तुम्ही. आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. आणि झुरळांबाबत त्याने आपल्याला काही सांगावं यात किती मोठी गोष्ट आहे ते आपल्यालाच माहीत. त्या वाक्यात त्यांनी माफी ऐकली होती. मागितलेली नव्हे, दिलेली.

कारण पहिली झुरळं त्यांनी मारली होती. तेव्हा मुलगा सोळाचा. ती झुरळं साधीच होती, मोरीत सापडतात तसली तांबडी. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात, वर काच ठेवून तो ती पाळायचा आणि एका वहीत त्यांच्याबद्दल लिहायचा. कुणी कात टाकली, कुणाची मिशी किती वाढली, अंड्यांची पिशवी कधी गळली. आई ओरडायची, बाप दुर्लक्ष करायचा. मग एका रविवारी लॅबचे मालक सपत्नीक जेवायला येणार होते, आणि सकाळीच टेबलाच्या नव्या कापडावर एक झुरळ निघालं. ते डब्यातलं होतं की मोरीतलं, हे आजही कुणाला माहीत नाही. मुलगा क्लासला गेला होता. दात्यांनी डबा उचलून न्हाणीघरात नेला, दोन किटल्या पाणी उकळलं आणि काच जराशी सरकवून ओतलं. घाईत होते. आतून वाळूवर पाऊस पडावा तसा आवाज आला आणि थांबला. वास आला तो मात्र लवकर गेला नाही. गोडसर, ओल्या पुठ्ठ्यासारखा; मालकांची बायको जेवताना सारखी नाक मुरडत होती ते त्यामुळेच, असं त्यांना वाटत राहिलं. मुलगा दुपारी आला तेव्हा डबा धुऊन गॅलरीत पालथा घातलेला होता. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. आता आरडाओरडा होईल म्हणून दाते तयार होते, उत्तरंही जमवून ठेवली होती. मुलाने एवढंच विचारलं, “किती वेळ लागला?”

“कशाला?”

“मरायला.”

“फार नाही,” दाते म्हणाले.

मुलाने मान हलवली आणि आत गेला. पुढे कधीतरी ती वही त्यांच्या हाती लागली. शेवटच्या पानावर त्या दिवसाची तारीख होती आणि तिच्यापुढे दोनच शब्द होते: फार नाही. त्यानंतर त्या घरात भांडण असं कधी झालं नाही. मुलगा विचारलं की उत्तर देई, सांगितलं की काम करी. पाहुण्यासारखा वागू लागला, सभ्य. तीन वर्षांनी तो ही मोठी झुरळं घेऊन आला, कुणाला न विचारता. पेटी त्याने बरोबर दारासमोरच्या फळीवर ठेवली आणि दार उघडं ठेवू लागला. येता-जाता दात्यांची नजर जाई. ते काही बोलले नाहीत. बोलायचा हक्क आपण किटलीबरोबर ओतून टाकला, हे त्यांना समजत होतं.

म्हणून मुलगा गेल्यावर ते वाचनालयातून पुस्तक घेऊन आले. पहिल्या महिन्यात एक नर मेला तेव्हा दोन दिवस त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मग खोली गरम ठेवायची कशी, ओल किती, पिल्लं कशी ओळखायची, सगळं हळूहळू हाताला कळलं. हाताला गोष्टी कळतात, हे त्यांना कामावरून ठाऊकच होतं. एका संध्याकाळी लॅबमधून येऊन पाहतात तर पेटीत एक झुरळ पांढरंशुभ्र. मेलं असं समजून त्यांनी झाकण काढलं, तर ते आपल्या जुन्या कवचातून अर्धं बाहेर आलं होतं. ओलं, मेणासारखं, आतला अवयवसुद्धा दिसावा असं. ते कपडेही न बदलता बघत उभे राहिले. तासाभरात ते पांढरं पिवळं झालं, पिवळ्याचं तांबूस. लॅबमधल्या रंगपट्टीवर दातांच्या सोळा छटा असतात, त्यांतल्या निदान दहा त्यांनी त्या एका प्राण्यावरून सरकताना पाहिल्या. त्या रविवारी त्यांनी फोनवर मुलाला सांगितलं, सावकाश, नीट. मुलगा “हं” म्हणाला. “हं... बरं... हं.” चार वर्षं हे “हं” ते ऐकणं समजत आले होते. आता कळत होतं की एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने दुसरंच काही करणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. त्यात मुलाचं काही चुकलं, असंही त्यांना वाटेना. रागाला धरायला टोकच सापडत नव्हतं.

“एवढं तोंड पाडून बसायला काय झालं?” बायको जेवताना म्हणाली. “त्याला शंभर व्यवधानं. झुरळांचं कुठे लक्षात ठेवणार?”

“मी कुठे काय म्हणतोय?”

“म्हणत नाही, तेच तर.” तिने पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, “तसं तो आत्ता नाही विसरला. गेल्यावर दोन महिन्यांतच मला म्हणाला होता, बाबांना सांग, ती झुरळं देऊन टाका कुणाला तरी.”

दात्यांचा हात थांबला. “मग?”

“मग काय? मीच नाही सांगितलं.”

“का?”

“अहो, तुम्ही त्या खोलीत जायला लागला होतात,” ती म्हणाली. “आणि तिथून बाहेर आलात की बोलायचात. आज हिने कात टाकली, आज त्यांची मारामारी झाली. सव्वीस वर्षांत तुम्ही मला आपणहून इतकं कधी सांगितलं होतं? मला झुरळाकडे बघवत नाही. पण म्हटलं, असू दे. भिंतीशी बोलण्यापेक्षा झुरळांचं ऐकणं बरं.” आणि उठून ताटं गोळा करायला लागली, जणू हवापाण्याचं बोलणं चाललं होतं.

खोली रिकामी करणं तर भाग होतं. पुस्तकात लिहिलं होतं की संख्या कमी करायची तर सर्वांत दयाळू मार्ग म्हणजे अतिथंड करणं. ती सुस्त होत जातात आणि झोपेतच जातात. हे त्यांनी बायकोच्या कानावर घालून पाहिलं. “माझ्या फ्रिजात?” ती म्हणाली. “मी मेल्यावर काय तो दयाळूपणा करा.” लॅबमध्ये त्यांनी पॉलिशवाल्याला विचारलं. त्याला जगातलं सगळं माहीत असे आणि त्यातलं निम्मं खरं निघे. त्याने मशीन बंद केलं, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाला, “दाते, आमच्या मेव्हण्याच्या गल्लीत एक बाई आहेत. सरडे पाळतात. घोरपडीएवढाले. त्यांना झुरळं लागतात, आणि ती मिळत नाहीत म्हणून रडत असतात. आता तुमचा आणि त्यांचा योग जुळायला मी मध्यस्थ, म्हणजे काय म्हणावं!” आणि हसून पुन्हा मशीन लावलं. मशीनचा तो बारीक किंचाळल्यासारखा आवाज दात्यांना गेली तीस वर्षं ऐकू येत नव्हता. त्या दिवशी आला.

शनिवारी झाकणांच्या दोन बादल्या घेऊन ते बसने गेले. सरडेबाई सत्तरीच्या, ताठ, चष्म्याची दोरी गळ्यात. दार उघडून आधी बादल्यांकडे पाहिलं, मग माणसाकडे. “किती आहेत?”

“दोनशे सहा. पिल्लं धरून.”

“मोजलीत?”

“हो.”

“शाब्बास. मी गणित शिकवायचे,” त्या म्हणाल्या. “नोकरीतून सुटले तेव्हा सगळे म्हणाले, आता काहीतरी शांत छंद लावून घ्या. म्हटलं, तेहतीस वर्षं पोरं सांभाळली, आता न बोलणारं काहीतरी सांभाळते. या, चपला राहू द्या, फरशी गरम असते.” आतल्या खोलीत दिवे लावून उन्हाळा केलेला होता. काचेमागे दगडांवर सरडे पडले होते, डोळे मिटून, जणू फार पूर्वी काहीतरी ठरवून मोकळे झालेले. बाईंनी एक नर उचलला, उलटा करून पोट पाहिलं, बोटाने दाबलं. तो फुस्स झाला. “छान पोसलीत. कशावर वाढवलीत?”

“गाजर. आणि कोरडी बिस्किटं. मुलाची आहेत ती.”

“दिसतंय. पाळणाऱ्याचा हात प्राण्याच्या अंगावर दिसतो.” आणि तसंच, बोलता बोलता, त्यांनी तो नर काचेआड सोडला. सर्वांत जवळच्या सरड्याने एक डोळा उघडला. पुढचं इतकं झटकन झालं की दात्यांना फक्त आवाज आला, कर्र असा, कोरडा. त्यांनी स्वतःच्या आत पाहिलं, आता काय होईल म्हणून. काहीच झालं नाही. सरड्याच्या जबड्याकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं: बारीक दात, सगळे एका मापाचे, एका ओळीत, एकही तिरका नाही. असा नमुना मी दिला असता तर डॉक्टरने परत पाठवला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि या वेळी हे मनात यावं याची त्यांना किंचित लाज वाटली. बाई बादलीत वाकल्या होत्या. “ही म्हातारी दिसते. अर्ध्या मिशीची. हिला वेगळी ठेवते, हिची पिल्लं झाली तर होऊ देत.” दाते “बरं” म्हणाले. तिचं नाव सांगावं की नाही, या विचारात ते दाराबाहेर पडले आणि मग रिकाम्या बादल्या एकमेकींवर आपटत रस्त्याने चालले होते. दात काढल्यावर जीभ जशी सारखी त्या खड्ड्याकडे जाते, तसे पुढचे काही दिवस ते संध्याकाळी त्या खोलीकडे जात, आणि दारातूनच परत फिरत.

मुलगा आणि सून आले. मुलगा जाड झाला होता, कपाळ मागे गेलं होतं. हसताना खालच्या ओळीत डावीकडचा एक दात किंचित पुढे येई तो मात्र तसाच होता. सून मोकळी, बडबडी, आल्या आल्या सासूच्या मागे स्वयंपाकघरात शिरणारी. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, “बाबा, तुमची ती झुरळं कुठायत? मी येताना सगळ्यांना सांगून आलेय, फोटो पाठवीन म्हणून.”

सासू मुलाकडे पाहत होती, मुलगा चहाकडे.

“दिली ती,” दाते म्हणाले. “तुला किळस वाटते ना, म्हणून.”

“मला?” सून हसली. “मला पालीची वाटते. झुरळांचं काय एवढं? तूच म्हणालास ना रे, बाबांकडे जगावेगळी...” आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच तिने वाक्य तिथेच सोडलं. सासूने चहाची किटली उचलून विचारलं, “कुणाला हवाय अजून?” कुणालाच नको होता, पण दोघांनी कप पुढे केले.

संध्याकाळी बायका खाली फिरायला गेल्या. दाते काहीतरी शोधण्याचं निमित्त करून खोलीत गेले, तर मुलगा गादीवर बसून समोरच्या रिकाम्या फळ्यांकडे पाहत होता. फळ्यांवर पेट्यांचे चौकोन उमटले होते. तेवढा रंग ताजा, बाजूचा उडालेला.

“खरंच काढलीत,” मुलगा म्हणाला.

“तू म्हणालास.”

“हो. मीच म्हणालो.” त्याची नजर फळ्यांवरच होती. “गरम पाणी?”

दात्यांना आपले कान गरम झालेले कळले. “नाही,” ते म्हणाले. “एका बाईंना दिली. त्या सरडे पाळतात.” आणि हे सांगणं पुरेसं प्रामाणिक नाही असं वाटून म्हणाले, “सरड्यांना खायला.”

मुलाने मान हलवली, तशीच, सोळाव्या वर्षी हलवली होती तशी. “मला ती बघवतच नव्हती बाबा,” तो म्हणाला. “दुसरी आणली ना, ती. पहिल्यांचा मला नाद होता. या दुसऱ्यांना मी हातसुद्धा लावत नव्हतो, चिमट्याने गाजर टाकायचो. ती मी तुमच्यासाठी आणली होती. तुम्हाला येता-जाता दिसावीत म्हणून. तुम्ही पेटीकडे बघून मान वळवायचात ना, ते मला बरं वाटायचं.” तो आपल्या नखांकडे पाहू लागला. “तेव्हा वाटायचं. नंतर माझीच मला लाज वाटायला लागली, आणि मी निघून गेलो. तुम्ही ती वाढवत बसाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दर रविवारी तुम्ही त्यांचं सांगायला लागलात की मी फोन कानापासून लांब धरून नुसतं हं म्हणायचो. मला वाटायचं, तुम्ही मला टोचताय. म्हणून त्या दिवशी ‘कसली झुरळं’ म्हणालो, आणि किळसेचं बायकोच्या नावावर घातलं.”

दाते गादीच्या दुसऱ्या टोकाला बसले. म्हणजे ज्याला आपण माफी समजून चार वर्षं गाजर घालत होतो ती शिक्षा होती. आणि आपण तिची निगा राखली, तिला वाढवलं, एकाच्या पाच पेट्या केल्या. हे कळल्यावर काहीतरी कोसळायला हवं होतं. पण त्यांना तो पांढरा प्राणी आठवला, आपल्या कवचातून अर्धा बाहेर आलेला, आणि तो काही शिक्षेसारखा दिसत नव्हता. दिसला नव्हता. ज्या कारणासाठी तो घरात आला ते त्याला ठाऊक नव्हतं.

“तेव्हा माझं चुकलं,” ते म्हणाले. “त्या रविवारी.” शब्द तोंडातून बाहेर आले तेव्हा त्यांना ते नव्या कवळीसारखे वाटले, जागेवर न बसलेले.

“हं,” मुलगा म्हणाला. मग नखांकडे बघतच, “मालकांनी त्या दिवशी जेवण तरी नीट केलं का?”

“नाही. घाईत होते. अर्ध्यावर उठले.”

मुलाच्या नाकातून हसू निसटलं. त्याला थांबवायचं होतं पण थांबलं नाही. “किती झाली होती आता?”

“दोनशे सहा.”

“दोनशे?” मुलाने पहिल्यांदाच मान वर करून बापाकडे पाहिलं. “दोनवरून?”

“तीनवरून. एक नर पहिल्या महिन्यात गेला. मग पोटुशी होती तिला झाली.” आणि ते सांगू लागले. मुलगा ऐकत होता. मधे मधे त्याचं लक्ष उडत होतं, हे त्यांना दिसत होतं. पण आता ते दिसत होतं तेव्हा ते थांबत होते, आणि तो पुन्हा आला की पुढे सांगत होते. बायका परत आल्या तेव्हा विषय संपला. तो पुन्हा काढायचं कुणालाच कारण पडलं नाही. आठव्या दिवशी पाहुणे गेले. निघताना मुलगा वाकून नीट म्हणाला, “येतो बाबा,” आणि दाते म्हणाले, “ये.” त्यात तपासून पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांनी तपासलंही नाही.

रविवारचा फोन पुढे चालू राहिला. हवा, तब्येत, सुनेची नवी नोकरी. बोलणं आधीपेक्षा बरं होतं आणि लवकर संपायचं. दाते लॅबमधून येत, पेपर वाचत, जेवत. एकदा बायको भाजी निवडताना सहज म्हणाली, “खोलीला रंग द्यायचा का?” ते म्हणाले, “बघू.” ती म्हणाली, “मग लवकर काय ते बघा,” आणि देठं मोडत राहिली. त्यांना आधी वाटलं, आपल्याला ती झुरळं आठवतात ती मुलामुळे. मग आठवडा गेला, दोन गेले, आणि लक्षात आलं की त्या आठवणीत मुलगा कुठेच नाही. तिथे फक्त संध्याकाळची वेळ आहे, पुठ्ठ्यांचा तो कोरडा वास, झाकण काढल्यावरची खुसफुस, आणि आपण, कुणासाठीही नसलेले.

तिसऱ्या शनिवारी ते बसने गेले. सरडेबाईंनी दार उघडलं आणि हातात बादली नाही असं पाहून म्हणाल्या, “आता काय आणलंत?”

“आणलं नाही. न्यायला आलोय. असतील तर.”

“मुलाला हवीत का? तुम्ही म्हणाला होतात, मुलाची आहेत.”

“नाही,” दाते म्हणाले. “मला हवीत.”

बाईंनी चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिलं, गणिताचं उत्तर बरोबर आलंय पण रीत दाखवलेली नाही, अशा नजरेने. मग आत जाऊन नखाएवढी सात पिल्लं एका झाकणाच्या डब्यात घालून घेऊन आल्या. “तुमची ती अर्ध्या मिशीची गेल्या आठवड्यात गेली. आपणहून, वयाने. ही तिची की दुसऱ्या कुणाची, आता सांगता येणार नाही, सगळी मिसळली. आणि नर-मादी कळायला चार महिने तरी थांबावं लागेल.”

“थांबतो,” दाते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये डबा त्यांच्या मांडीवर होता. झाकणाला भोकं पाडलेली, आतून अगदी हलकं काहीतरी प्लास्टिकवर चालल्याचं बोटांना कळत होतं. शेजारी एक बाई येऊन बसल्या, दोन पिशव्या पायांशी, श्वास लागलेला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, आणि दोन थांबे गेल्यावर त्यांना राहवेना. “काय नेताय हो एवढं जपून?”

“झुरळं,” दाते म्हणाले.

बाई चरकून जरा कडेला सरकल्या. पण कुतूहल भीतीपेक्षा मोठं होतं. “विकत... म्हणजे मुद्दाम आणलीत? घरात काय कमी पडली होती?”

दात्यांनी त्यावर खरंच विचार केला. बस एका वळणावर कलली, त्यांनी दोन्ही हात डब्याभोवती धरले.

“हो,” ते म्हणाले. “कमी पडली होती.”